बेळगावच्या डेस्कवरून चक्रीवादळ: नव्या बातमीदारांसाठी

बेळगावला समुद्र नाही, तरी चक्रीवादळाची बातमी आपल्याला चुकत नाही. मे-जून असो की ऑक्टोबर-नोव्हेंबर, अरबी समुद्रात काही शिजायला लागलं की न्यूजरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "आपल्याकडं काय होणार?" मराठी दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर बसून मी जे शिकलो, त्यातलं सगळ्यात कामाचं हे: रडारला काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढं आधी समजून घ्या. मथळा नंतर.

रडार सूक्ष्मलहरींचे ठोके सोडतं. पावसाच्या थेंबांवर आपटून त्यातला अगदी थोडा भाग परत येतो. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं आणि परताव्याच्या जोरावरून पाऊस किती दाट आहे त्याचा अंदाज येतो. डॉप्लर रडार वाराही मोजतं. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर उभं राहिलं की येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा लागतो आणि गाडी पुढं गेली की उतरतो, तत्त्व तेच. फक्त एक अट आहे. वारा रडारच्या दिशेनं येतोय की दूर जातोय, तेवढंच त्याला कळतं. आडवा जाणारा वारा कळत नाही. म्हणून वादळाच्या डोळ्याच्या, म्हणजे मधल्या शांत भागाच्या, एका बाजूला 'येणाऱ्या' वाऱ्याचा रंग दिसतो, दुसऱ्या बाजूला 'जाणाऱ्या'चा. असे दोन रंग शेजारी-शेजारी दिसले की तिथं काहीतरी गरगरतंय हे ओळखावं.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. अर्ध्या अंशानं वर रोखलेला झोत २५० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे ६ किलोमीटर उंच गेलेला असतो. तिथला वारा म्हणजे तुमच्या पत्र्यावरचा वारा नव्हे. पणजीचं रडार आपल्यापासून सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सह्याद्री उभा. कणकुंबी-जांबोटीकडचा खालच्या ढगांचा पाऊस त्याच्या नजरेतून निसटू शकतो. खानापूर तालुक्याची बातमी रडारच्या चित्रावर उरकू नका, पर्जन्यमापकाचा आकडा मागा.

वादळ किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर असताना "रडारवर टिपलं" असं लिहिणारे आजही भेटतात. तिथवर किनाऱ्यावरच्या रडारची पोच नसते. तेव्हा काम करतो तो उपग्रह. ढगांच्या आकारावरून वादळाचा जोर ठरवण्याची ड्वोरॅक पद्धत जगभर वापरतात, आपलं हवामान खातंही वापरतं.

अमेरिकन बातमी उचलताना जपून. तिथलं हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ जातीनं एकच, पण ते वाऱ्याची १ मिनिटाची सरासरी धरतात, आपण ३ मिनिटांची. त्यांची 'कॅटेगरी' आपल्या वादळाला चिकटवू नका. आपल्याकडं ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र.

तिथली एक गोष्ट मात्र जरूर उचला. सप्टेंबर १९६१ मध्ये कार्ला हरिकेन टेक्सासवर येत होतं. डॅन रादर हा ह्यूस्टनच्या टीव्ही केंद्राचा तरुण बातमीदार गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात जाऊन बसला आणि रडारचा पडदाच थेट टीव्हीवर दाखवला. नुसता पांढरा भोवरा बघून कुणाला काय कळणार? म्हणून किनाऱ्याचा नकाशा काढलेला पारदर्शक कागद त्यावर धरला. वादळ केवढं अवाढव्य आहे ते लोकांना तेव्हा दिसलं.

आपली गोची इथंच आहे. मुंबईच्या वाहिन्यांचा नकाशा कागलपाशी संपतो, बंगळूरच्या वाहिन्यांना किनारपट्टी आधी दिसते. चंदगड आणि खानापूर शेजारी. ढगाला सीमावाद ठाऊक नाही, पण हवामान खात्याच्या लेखी चंदगड मध्य महाराष्ट्रात आणि खानापूर उत्तर अंतर्गत कर्नाटकात. दोन्ही पत्रकं वाचायची. शिवाय इशाऱ्याचा रंग अख्ख्या जिल्ह्याला एकच मिळतो, मग आपल्याच जिल्ह्यातल्या कणकुंबी आणि अथणी दोघीही 'ऑरेंज'. पावसाच्या बाबतीत या दोन गावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे बातमीदारानं लिहायचं असतं.

नकाशावरच्या रेषेला भुलू नका. ती वादळाच्या केंद्राची वाट असते, आणि तीही अंदाजाची. भोवतीचा शंकू, म्हणजे केंद्र जिथं-जिथं जाऊ शकतं तो पट्टा, जास्त महत्त्वाचा. २०२१ चं तौक्ते आठवा. केंद्र गोवा-कोकणासमोरून समुद्रातूनच गेलं, जमिनीवर आलं १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात. तरी वाटेतली सगळी किनारपट्टी झोडपली गेली.

'थैमान', 'रौद्ररूप' हे शब्द पाऊस पडून गेल्यावर, पंचनामे बघून वापरा. व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओत पाट्या कुठल्या भाषेत आहेत ते आधी बघा, निम्मे तिथंच गळतात.

आणि कन्नड शिका. मराठी पेपरात नोकरी आहे म्हणून चालतं, असं समजू नका. तालुका कचेरीतला कारकून आकडा कन्नडमध्येच सांगणार. कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायत पातळीपर्यंत बसवलेली आहेत; त्यांची 'वरुण मित्र' ही मदतवाणी चोवीस तास चालते. पहिल्या आठवड्यातच तिचा नंबर मोबाइलमध्ये साठवा.