तळ्याच्या थेंबात काहीच दिसत नाही? या चुका टाळा

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांतून मुलांना मायक्रोस्कोप दाखवताना एक तक्रार हमखास येते: "सर, ह्या पाण्यात काहीच नाही." जीव तळ्यात भरपूर असतात, फक्त ते बाटलीत आलेले नसतात.

सगळ्यात मोठी चूक पाणी भरतानाच होते. तळ्याच्या वरचं नितळ पाणी छान दिसतं, पण बहुतेक आदिजीवांना, म्हणजे एकाच पेशीच्या सूक्ष्म जीवांना, चिकटायला आणि खायला काहीतरी लागतं. ते पाणवनस्पतींच्या मुळांत, कुजक्या पानांवर, दगडाच्या बुळबुळीत थरात राहतात. मार्कंडेय नदीतला एखादा दगड जुन्या टूथब्रशनं खरवडून बघा. होडीच्या, काडीच्या आकाराचे, सिलिकाचं कवच असलेले डायटम (एकपेशी शैवाल) शेकड्यांनी दिसतील. रोप लावल्यावर भाताच्या शेतात जे हिरवं शेवाळ तरंगतं, ते मुठीत पिळा आणि खाली पडणारं गढूळ पाणी घ्या. शेवाळाचा एक धागाही स्लाइडवर ठेवा. तो स्पायरोगायराचा असला तर आतली हिरवी पट्टी स्प्रिंगसारखी वळलेली दिसते. हे पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाचा चेहरा मी कधीच विसरत नाही.

बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावू नका. आतला प्राणवायू संपतो आणि पॅरामेशियमसारखे (चपलेच्या आकाराचे आदिजीव) जीव घरी पोचेपर्यंत मरतात. अर्धी भरा, सावलीत ठेवा, त्याच दिवशी बघा. पाणी कमी पडलं म्हणून नळाचं घालू नका, त्यातलं क्लोरीन घातक.

आता मायक्रोस्कोप. थेट मोठ्या भिंगावर जाऊ नका. आधी सगळ्यात लहान भिंगानं शोधा. पॅरामेशियम साधारण पाव मिलिमीटरचा असतो, तिथं पुरेसा दिसतो. उजेडही बहुतेक जण फार ठेवतात. हे जीव पारदर्शक, झगझगाटात विरून जातात. खालची झडप अर्धी बंद केली की कडा उठून दिसतात. पॅरामेशियम पळत राहिला तर थेंबात कापसाचे दोन-चार तंतू ठेवा, त्यांच्या जाळ्यात तो अडकतो.

जाड काळ्या कडेचा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. जागच्या जागी थरथरणारे बारीक कणही जिवंत असतीलच असं नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून निर्जीव कणही थरथरतात. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन यांनी हीच थरथर परागकणांतल्या सूक्ष्म कणांत बारकाईनं पाहिली. खरा जीव दिशा बदलतो, अडथळा आला की वळतो. आणि डोक्यावर चाकं फिरत असल्यासारखा दिसणारा रोटिफर आदिजीव नाही. तो अनेक पेशींचा प्राणी आहे, कितीही लहान असला तरी.

आपल्याकडची खास फसगत चिऱ्याच्या खाणीत होते. तिथल्या साचलेल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग आणि खाली तांबूस गाळ दिसतो. लोक म्हणतात, कुणीतरी ऑइल ओतलं. काडीनं हलवून बघा: तवंगाचे तुकडे होऊन वेगळेच राहिले तर ते लोह-जीवाणूंचं काम, परत जुळला तर तेल.

हिरवं दिसलं की सगळं शेवाळच, ही समजूतही सोडा. थेंबभर आयोडीन सोडलं की स्पायरोगायरातला स्टार्च निळा-काळा होतो. युग्लीना हा हिरवा एकपेशी जीव तसा होत नाही, कारण त्याचा अन्नसाठा वेगळा. नील-हरित जीवाणूंना तर पेशीकेंद्रकच नसतं. उन्हाळ्यात तळ्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर आला तर तो त्यांचा असू शकतो. त्यांतले काही विष तयार करतात, आणि त्यातलं मायक्रोसिस्टिन नावाचं विष पाणी उकळून जात नाही. त्या पाण्यावर म्हशी सोडू नका, मुलांना उतरू देऊ नका.

पावसाळा गेला म्हणून मायक्रोस्कोप कपाटात ठेवणं ही शेवटची चूक. एप्रिलमध्ये भाताच्या कोरड्या शेतातलं एक ढेकूळ आणा, वाटीत गाळलेलं विहिरीचं पाणी घालून भिजवा, वर ताटली झाका. त्या मातीत कोल्पोडासारखे जीव कवचात झोपलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एक थेंब काढून बघा.