कासवाचं घरटं हॅचरीत हलवताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं समुद्री कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं आणि हळूहळू कोकणातल्या गावांत ‘हॅचरी’ (कासवाची अंडी हलवून कुंपणात सुरक्षित उबवण्याची जागा) हा शब्द रुळला. पण हॅचरी हा दुसरा पर्याय आहे. अंडी जागेवरच सुरक्षित राहत असतील तर वरून जाळी लावून ती तिथंच राखावीत. कोल्हे, कुत्री, उधाणाचं पाणी किंवा अंडीचोर यांची भीती खरी असेल तरच हलवायचं. इथं अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हातही लावता येत नाही.

गस्त पहाटे घाला, वारा आणि माणसांच्या पावलांनी माग पुसण्याआधी. मादीचा माग साधारण 70 ते 80 सेंमी रुंद असतो. येतानाचा आणि जातानाचा माग जिथं जुळतो, वाळू उधळलेली दिसते, तिथं घरटं असू शकतं. कधी कधी ती अंडी न घालताच परत जाते, तेव्हा उगाच खणत बसू नका. सळई खुपसून अंदाज घेण्याची सवय मोडा. एक अंडं फुटलं की मुंग्या येतात, बुरशी धरते आणि शेजारची अंडीही जातात. हातानं हळूहळू वाळू उपसा. घरट्यावरची वाळू आजूबाजूपेक्षा भुसभुशीत लागते.

आता खरी घाई. अंडी घातल्यापासून पाचसहा तासांच्या आत हलवणं उत्तम. पुढं गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो. तिथं पांढरा डाग उमटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं किंवा हिंदकळलं तर गर्भ मरतो, आणि बाहेरून अंडं मात्र चांगलंच दिसतं. म्हणून उशीर झाला असेल तर ते घरटं जागेवरच राखा. हलवायचंच झालं तर अंडं जसं होतं तसंच, न फिरवता उचला. बादलीत तळाला घरट्यातलीच ओलसर वाळू घाला, अंडी मोजत ठेवा (साधारण 80 ते 120 निघतात), वरून ओलं फडकं टाका. बादली मोटरसायकलवर लटकवू नका. हातात धरून चालत न्या.

हॅचरीची जागा उधाणाच्या रेषेच्या वर हवी, पण सुरूच्या झाडांखाली नको: मुळं अंड्यांत शिरतात आणि सावलीनं वाळू गार राहते. खड्डा मडक्यासारखा करा: तोंड अरुंद, पोट रुंद, खोली सुमारे 45 सेंमी. मूळ घरट्याची खोली मोजून ठेवली असेल तर तीच धरा. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर सोडा. कुंपणाची जाळी वाळूत दीड फूट गाडा, नाहीतर खेकडे खालून येतात. दरवर्षी जागा किंवा वाळू बदला. जुन्या टरफलांची बुरशी पुढच्या हंगामाला लागते.

खोलीवर एवढा भर देण्याचं कारण तापमान. वाळू साधारण 30 अंशांच्या वर गेली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर जास्त निपजतात. उथळ खड्डा तापतो, आणि 34-35 अंशांपुढं पिल्लं मरू लागतात.

प्रत्येक खड्ड्यावर तारीख, क्रमांक आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावा. पंचेचाळिसाव्या दिवसापासून वर बांबूची टोपली पालथी घाला. पिल्लं 45 ते 60 दिवसांत येतात, थंडीत जास्त दिवस लागतात. टोपली लावली की दुर्लक्ष चालत नाही: उन्हात अडकलेली पिल्लं तासाभरात भाजतात. पहाटे आणि सूर्यास्तानंतर वारंवार बघा.

पिल्लं लगेच सोडा. पाहुण्यांसाठी टबात पोहत ठेवली तर समुद्रातल्या पहिल्या पोहण्यासाठी साठवलेली ताकद तिथंच संपते. पाण्यापासून दहाएक मीटर अलीकडे ठेवा आणि त्यांना स्वतः चालू द्या. मोबाइलचा फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात. रोज एकाच जागी सोडू नका, मासे तिथं दबा धरून बसतात.

पिल्लं आल्यावर दोनतीन दिवसांनी खड्डा उकरा. अर्ध्याहून मोठी टरफलं मोजा: 90 अंड्यांतून 72 टरफलं म्हणजे 80 टक्के. उरलेली अंडी फोडून बघा. पूर्ण वाढलेली मेलेली पिल्लं बरीच सापडली तर उष्णता किंवा पाणी शिरल्याचा संशय घ्या. सुरुवातीलाच थांबलेले गर्भ जास्त असतील तर पहिल्या दिवशीची बादली आणि वेळेची नोंद तपासा.