परदेशी डेप्युटेशनवर सामाजिक सुरक्षेची दुहेरी कपात: अखेर कशी थांबली

तात्पुरत्या नेमणुकीवर परदेशात गेलो आणि पहिल्याच पगारपत्रकात सामाजिक सुरक्षेची कपात दिसली. मायदेशातली चालूच होती. तिथल्या कार्यालयाला नेमणूकपत्र दाखवलं, मग कर-निवासाचा दाखला दिला. उपयोग झाला नाही, कारण कर आणि सामाजिक सुरक्षा हे वेगळे विषय. तीन महिने कष्टाचे पैसे असे जाताना बघून जीव तुटत होता.

कामाला आलं ते 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज', म्हणजे मायदेशात सामाजिक सुरक्षेची कपात चालू आहे, म्हणून परदेशात ती नको, असा दाखला. (युरोपीय संघाच्या आत हाच कागद 'ए१' नावाने मिळतो, साधारण २४ महिन्यांपर्यंत.) आधी दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षा करार लागू आहे का ते पाहा, नुसती सही झालेला करार चालत नाही. मग मूळ कंपनीचं पत्र घ्या: नेमणुकीची सुरुवात, शेवट आणि नोकरी मूळ कंपनीतच कायम असल्याचा उल्लेख. दाखल्याचा अर्ज मायदेशातल्या सामाजिक सुरक्षा संस्थेकडेच जातो. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. माझ्या दाखल्यात मधलं नाव सुटलं होतं, दुरुस्तीला परत पाठवावा लागला. त्या महिन्याच्या पगाराचा हिशेब पक्का होण्याआधी दाखल्याची प्रत परदेशातल्या कार्यालयाला द्या आणि आधीच्या कपातीच्या परताव्याचा अर्ज वेगळा, लेखी करा.

पुढच्या पगारपत्रकात त्या ओळीसमोर शून्य होतं. नेमणूक लांबली तर दाखला संपण्याआधीच मुदतवाढ मागा.