माठातल्या पाण्यावर भौतिकशास्त्राचा प्रकल्प कसा करावा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की तालुक्याच्या दुकानात थर्माकोल, एलईडीच्या माळा आणि तयार किट यांची मागणी वाढते. त्या वाटेला जाऊ नका. किट जोडलं की दिवा लागतो आणि मुलाला विचारायला काहीच उरत नाही. ज्याचं उत्तर मुलाला आधी ठाऊक नाही आणि जे ते स्वतः मोजून काढू शकतं, असा एक प्रश्न हाच खरा प्रकल्प. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडीठाक असते. कोकणातल्या दमट हवेत माठ जेवढं थंड करतो, त्याहून किती तरी जास्त इथं करतो. म्हणून मी माठ घेतो.

सामान थोडंच आहे. एकाच घडणीची दोन मडकी, प्रयोगशाळेतले लाल द्रवाचे दोन तापमापक, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आणि वही. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ अंशांच्या खालचं दाखवत नाही. दोन्ही तापमापक आधी एकाच बादलीत बुडवून पाहा. फरक दिसला तर लिहून ठेवा.

आता प्रश्न. "सर, माठातलं पाणी थंड कामून होते?" असं मूल विचारतं. प्रश्न चांगला आहे, पण तसाच्या तसा मोजता येत नाही. पुस्तकात उत्तर सापडतं, बाष्पीभवन, ते वहीत उतरवलं जातं आणि प्रकल्प तिथंच संपतो. बहुतेक मार्गदर्शक "विषय निवडा" एवढं सांगून पुढे निघून जातात. अडतं ते इथंच, आणि मीही बरीच वर्षं इथंच अडत होतो. विषय निवडून काही होत नाही. "उष्णता" हा विषय झाला, "पाणी वाचवा" हाही विषय झाला. त्यातून एकही आकडा निघत नाही.

मी मुलांना माठाजवळ बसवतो आणि "का" बाजूला ठेवून "किती", "केव्हा" आणि "कशानं बदलेल" एवढंच विचारायला सांगतो. किती अंश उतरतं? किती वेळात? वाऱ्यात जास्त की बंद खोलीत? जुना माठ नव्यापेक्षा कमी थंड करतो का? सगळे प्रश्न लिहून घ्या, सुधारू नका. मग हातातल्या साधनांनी मोजता येणार नाहीत ते खोडा. उरलेल्यांतून असा एक निवडा, ज्यात एकच गोष्ट बदलते. उदाहरणार्थ, "माठाची छिद्रं बुजवली तर पाणी किती कमी थंड होतं?" एवढं ठरलं की पुढची मांडणी हा प्रश्नच सांगतो: एका मडक्याला बाहेरून ऑइलपेंट, दुसरं उघडं, दोन्हींत एकाच विहिरीचं पाणी, दोन्ही एकाच सावलीत.

इथं तीन गोष्टींत मी ढिलाई देत नाही. शिक्षकानं स्वतःचा प्रश्न मुलाच्या हातात द्यायचा नाही. मुलाचा प्रश्न छोटा वाटला तरी तोच ठेवा, उसन्या प्रश्नासाठी कोणी भर दुपारी दर अर्ध्या तासाला उठत नाही. दुसरं, एक मडकं ओसरीवर आणि दुसरं लिंबाखाली असं कधीही ठेवू देऊ नका. मग फरक रंगामुळे पडला की वाऱ्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिसरं, मोजण्याआधी अंदाज पेनानं लिहायला लावा, आणि आकड्यात. "थंड होईल" हा अंदाज नाही, "६ अंशांनी उतरेल" हा अंदाज आहे. तो चुकला तरी खोडायचा नाही.

मांडणी सोपी आहे. रंग कोरड्या मडक्यावर लावून पूर्ण वाळू द्या. आदल्या रात्री दोन्ही मडकी भरून ठेवा, नाहीतर पहिले काही तास माती पाणी पिण्यातच घालवते. मडकं ठिबकत असेल तर बदला, कारण ठिबकलेलं पाणी उडालेलं नाही आणि वजनाचा हिशेब बिघडतो. सकाळी ताजं पाणी मोजून भरा, झाकण ठेवा, दर अर्ध्या तासाला वजन आणि तापमान लिहा. तापमापक पाण्यातच ठेवून वाचा.

हिशेब असा. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि एक ग्रॅम पाणी एका अंशानं थंड व्हायला सुमारे ४.२ ज्यूल काढून घ्यावे लागतात. समजा, मडक्यात २ किलो पाणी होतं आणि वजन ४० ग्रॅमनं घटलं. गेली ९६,००० ज्यूल, म्हणजे पाणी ११ अंशांहून थोडं जास्त उतरायला हवं. तापमापकावर मात्र उतार त्याहून कमी दिसेल. मुलं म्हणतात, काटा बिघडला. आकडे जुळवून देऊ नका! बाहेरची तापलेली हवा माठाला सतत उष्णता देत असते, शिवाय मातीलाही थंड व्हावं लागतं. काही तासांनी तापमान उतरायचं थांबतं, वजन मात्र घटतच राहतं. पाणी उडतंय, मग थंड का होत नाही? हा "का" आता मुलानं कमावलेला आहे. जेवढी उष्णता जाते तेवढीच आत येते, हे त्याला स्वतःच्या तक्त्यातून सापडू द्या.

जमलं तर एका तापमापकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर धरा. तो दाखवेल त्याच्या खाली सावलीतला माठ जात नाही. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ही मर्यादा २३ अंशांच्या आसपास येते. घरच्या कूलरलाही हीच मर्यादा लागू आहे.

वाचन आता, आधी नाही. दहावीच्या विज्ञानातला उष्णतेचा धडा, त्यातला अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना तापमान न बदलता घेतली जाणारी उष्णता) आणि आर्द्रता. मग १७६० च्या दशकात अप्रकट उष्मा मोजणारा स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी विज्ञानपुस्तकं फुकट मिळतात, शाळेच्या मोबाइलवर उतरवून घ्या.

प्रदर्शनात हातानं काढलेला आलेख, दोन मडकी आणि खाडाखोडीसह मूळ वही ठेवा. पण त्याआधी ऑगस्टमध्ये, झड लागलेली असताना, तीच मडकी पुन्हा भरून सगळी मोजमापं परत घ्या. दोन्ही ऋतूंच्या रेषा एकाच आलेखावर काढा.