धनुष्य घेताय? बाणांचे पैसे बाजूला काढलेत?

शिकारीचा विचार असेल तर तो आधी डोक्यातून काढा. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, रानडुकरं धुमाकूळ घालतात हे खरं, पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. नेटवर स्वस्तात दिसणारा हंटिंग क्रॉसबो (बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य) मागवून गोव्यातल्या सत्तरीच्या रानात फिरायला लागलात तर वनखातं कौतुक करायला येणार नाही. आपलं चाललंय ते कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचं. त्यासाठी साधं लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, पुरे. टोकांना चाकं असलेलं कंपाउंड महाग, आणि पुढची दुरुस्तीही महाग.

आता पैसे. जेवढे आहेत त्यातून बाणांचे आधी वेगळे काढा. उरलेल्यात धनुष्य बसवा. उलटं करू नका. नवंकोरं धनुष्य खुंटीला टांगून महिनाभर नुसतं बघत बसणं कसं असतं, ते मला विचारा. निदान सहा बाण हवेत. एखादा तर चिऱ्याच्या भिंतीवर आपटून पहिल्याच दिवशी जाणार.

डोळा तपासा. हात उजवा म्हणून धनुष्यही उजव्या हाताचं, असं नसतं. दोन्ही पंजे जोडून मधे छोटी फट ठेवा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत दिसत राहील तो तुमचा नेमाचा डोळा. शक्यतो त्याच बाजूचं घ्या.

मग माप. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचात मोजा, अडीचने भागा. दोरी साधारण किती ओढली जाईल ते कळतं. उत्तर २७-२८ आलं तर ६६ किंवा ६८ इंची धनुष्य. ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, मात्र अंगातल्या ताकदीचा दिमाख दाखवायला निवडू नका. मोठ्या माणसाने २० ते २४ पौंडांपासून सुरुवात करावी. चाळीस पौंडी ओढताना खांदा वर जातो, नेम बिघडतो आणि दुखणं मागे लागतं. छापलेले पौंड २८ इंच ओढीला असतात. तुमची ओढ कमी तर ताणही इंचामागे साधारण दोन पौंडांनी कमी. पाती, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, सुटी होणारं धनुष्य घ्या म्हणजे पुढे नुसती पाती बदलता येतात.

आणि बाण. हो, पुन्हा. बाण म्हणजे कुठलीही सरळ काडी नव्हे. प्रत्येक बाणाला ताठपणाचा आकडा असतो, त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की बाण किती वाकतो, ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. म्हणजे १००० नंबरचा बाण एक इंच वाकतो, ५०० नंबरचा अर्धा. आकडा लहान तितका बाण ताठ. हलक्या धनुष्याला ताठ बाण लावलात तर नेम चोख असूनही बाण एका कुशीला पळणार आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसणार. लांबी ओढीपेक्षा दोनेक इंच जास्तच ठेवा. आखूड बाण पूर्ण ओढताना धनुष्यावरच्या बाण ठेवायच्या टेकूच्या मागे घसरतो आणि पुढे तुमचाच हात असतो. धनुष्याच्या मानाने फारच हलका बाणही नको, तो रिकामी दोरी सोडल्यासारखाच पात्यांना मारतो. म्हणून दुकानदाराला आपली ओढ आणि पौंड सांगून बाण मागा. 'सेटमध्ये आहेत ना' यावर विसंबू नका. नसतात, किंवा असतात ते तुमच्या मापाचे नसतात.

दोरी चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीची जाड दोरी, घ्या. गुडघ्यावर धनुष्य वाकवलं की पाती पिळतात. आर्मगार्ड (हाताला दोरीचा फटका बसू नये म्हणून), फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचा चामड्याचा तुकडा), दोरीचं मेण ही किरकोळ खरेदी आहे, पण टॅबशिवाय बोटं सोलतात. बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, पाहुण्यांनाही सोडू देऊ नका.

लक्ष्यामागे भाताच्या पेंढ्याच्या गच्च गठड्या आणि त्यामागे मोकळी, माणूस-गुरं न येणारी जागा. वाट जात असेल तर तिथे नाहीच.

पावसात दोरी उतरवून ठेवा, ओलं पुसा. एप्रिलच्या उन्हात गाडीत धनुष्य ठेवून म्हापशाच्या बाजारात जाऊ नका, पात्यांचे चिकटवलेले थर सुटतात. कार्बनचा बाण दर वेळी मारण्याआधी हलकासा वाकवून बघा; करकर ऐकू आली की मोडून टाका, हातात फुटला तर तुसं काढत बसाल. ऑर्डर देताना बाण त्याच बिलात आहेत ना, ते पैसे भरण्याआधी वाचा.