वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : रुग्णालयातले दिवस आणि घरचे पहिले आठवडे

दुर्बिणीतून केलेल्या स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं करणं) किंवा बायपासनंतर (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) रुग्णालयात साधारण १ ते ३ दिवस राहावं लागतं. या काळात आणि पुढचा महिनाभर दोन आकडे महत्त्वाचे असतात : दिवसभरात पोटात गेलेलं पाणी आणि शांत बसलेलं असतानाची नाडी. वजनाचा आकडा तूर्तास बाजूला ठेवला तरी चालेल.

सोबत नेहमीच्या औषधांची डोसासकट लिहिलेली यादी न्या. सैल, पुढून उघडणारे कपडे आणि वाकावं न लागता पायात सरकवता येतील अशा चपला ठेवा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल आणि सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) वापरत असाल, तर ते मास्कसकट न्या. भूल आणि वेदनाशामकांच्या गुंगीत पहिल्या रात्री त्याची गरज नेहमीपेक्षा जास्त असते.

पहिले २४ तास

शुद्धीवर आल्यावर काही तासांतच उठवून चालायला लावतात. हा अट्टहास वाटतो, पण पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणं हा या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत घातक धोका आहे. पिंढऱ्यांना लावलेले हवेचे पट्टे आणि पोटावरची हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारी) इंजेक्शनं त्याचसाठी असतात. उठताना सरळ बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. मग जागेपणी दर दोन तासांनी पाच-दहा मिनिटं चाला.

श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र मिळतं. त्यात फुंकायचं नसतं, श्वास सावकाश आत ओढायचा असतो. जागेपणी तासाला दहा वेळा ओढा. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा.

खांदा दुखतो तेव्हा अनेक जण घाबरतात. पोट फुगवायला वापरलेला कार्बन डायऑक्साइड श्वासपटलाखाली थोडा उरतो आणि तिथल्या मज्जातंतूमुळे दुखणं खांद्यात जाणवतं. चालण्याने, शेक घेतल्याने दोन-तीन दिवसांत ते कमी होत जातं. कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर मात्र पुढचा नाडीचा भाग नीट वाचा.

घोटांचा हिशेब

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. बायपासमध्ये वरची पिशवी साधारण ३० मिलीची उरते. आतून सूज असते, त्यामुळे एक मोठा घोटसुद्धा छातीत अडकल्यासारखा होतो. म्हणून औषधाच्या मापाने मोजा : ३० मिली, १५ मिनिटांत, दोन-तीन छोट्या घोटांत. तासाला १२० मिली झाले, म्हणजे साडेबारा तासांत दीड लिटर. 'तहान लागली की पिऊ' म्हणाल तर हा हिशेब कधीच जुळत नाही. घरी आल्यावर पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण हेच : पाणी कमी पडतं, मळमळ सुरू होते, मळमळीमुळे आणखी कमी प्यायलं जातं. लघवी गडद पिवळी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मागे पडलात असं समजा. आठ-दहा तास पाणी टिकत नसेल तर सलाईन लागेल. स्ट्रॉ आणि फसफसणारी पेयं टाळा.

खाण्याचे टप्पे प्रत्येक सर्जनचे थोडे वेगळे असतात, तुम्हाला दिलेला तक्ता पाळा. साधारण क्रम असा : एक-दोन दिवस पाणी आणि गाळलेलं सूप, मग दोन आठवड्यांपर्यंत दूध व प्रथिनांची पेयं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पुढे मऊ आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवीत. जेवणासोबत पाणी नको, नंतरही अर्धा तास नको. बरं वाटतंय म्हणून टप्पा ओलांडू नका. आतली शिवण अजून कच्ची असते.

नाडी आणि गळती

शिवणीतून गळती झाली तर ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत कळते आणि पोट कडक व्हायच्या आधी नाडी वाढते. म्हणून घरी रोज दोनदा, शांत बसून नाडी मोजा. ती १०० च्या वर टिकून राहिली तर फोन करा. १२० च्या वर गेली, किंवा सोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, धाप, वाढतं पोटदुखणं किंवा खांदादुखी असेल, तर थेट तातडीच्या विभागात जा. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी, रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठीची औषधं) घेणाऱ्यांची नाडी तितकी वाढत नाही, त्यांनी इतर खुणांवर जास्त लक्ष ठेवावं. एकाच पिंढरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं याही तशाच तातडीच्या गोष्टी. गुठळ्या बहुतेक वेळा डिस्चार्जनंतर होतात, त्यामुळे घरी द्यायची इंजेक्शनं सांगितली असतील तर शेवटच्या दिवसापर्यंत घ्या.

औषधं

डिस्चार्जच्या वेळी जुन्या यादीतली प्रत्येक गोळी विचारून घ्या. मधुमेह असेल तर रक्तातली साखर काही दिवसांतच उतरते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर ती धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांनी कमी खाण्याच्या काळात साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या अंगातलं पाणी आणखी कमी करतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नकोत, विशेषतः बायपासनंतर, कारण जठर आणि आतड्याच्या जोडाच्या ठिकाणी अल्सर होऊ शकतो. धूम्रपानानेही तोच अल्सर होऊ शकतो.

जीवनसत्त्वं आयुष्यभर घ्यावी लागतात. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. लोह त्यापासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या आड येतात. लोहाने आणि कमी पाण्याने बद्धकोष्ठ होतं. कुंथण्यापेक्षा रेचक विचारून घ्या.

दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर थायमिन, म्हणजे बी १, संपत आलेलं असू शकतं. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं या त्याच्या खुणा. कोणत्याही दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी थायमिन द्यायला सांगा. उलट क्रमाने दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

चार ते सहा आठवडे ५ किलोंपेक्षा जड उचलू नका. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजन काही दिवस अडकतं आणि तिसऱ्या महिन्यानंतर केस गळतात. दोन्ही तात्पुरतं असतं. गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला, आणि बायपासनंतर फक्त तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. बायपास झालेल्याला काही वर्षांनीही पोटात मुरडा येऊन उलट्या झाल्या, तर आतड्याला आतल्या आत पीळ पडलेला असू शकतो. साधा एक्स-रे त्यात फसवू शकतो. सीटी स्कॅन आणि बेरियाट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारा) सर्जन लागतो, तेही त्याच दिवशी.