साठ नंबरचा रस्ता: रामल्लात नव्याने येणाऱ्यांसाठी

वेस्ट बँकमधल्या रामल्लाला नोकरी लागली की मंडळी मला मेसेज करून पहिल्यांदा घरभाडं विचारतात. भाड्याचं नंतर बघू. आधी ऑफिस कुठे आहे ते बघा आणि घर इस्रायली लष्कराच्या तपासणी नाक्याच्या त्याच बाजूला घ्या. ऑफिस जेरुसलेमला असेल आणि तरी रामल्लातच राहायचं असेल, तर मधल्या कलंदिया नाक्याच्या रांगेत रोज उभं राहायची तयारी ठेवा. ‘जेरुसलेम काय, पंधरा किलोमीटर’ असं घरमालक हमखास सांगतो. खोटं बोलत नाही बिचारा, पण त्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

इथलं येणंजाणं सगळं साठ नंबरच्या रस्त्यावर अवलंबून आहे. उत्तरेला नाझरेथपासून दक्षिणेला बीरशेबापर्यंत, साधारण 235 किलोमीटर. जेनिन, नाब्लुस, रामल्ला, जेरुसलेम, बेथलेहेम, हेब्रोन ही सगळी शहरं डोंगराच्या माथ्यावरून जाणाऱ्या या एकाच ओळीत येतात. दोन्ही अंगांना दऱ्या असल्यामुळे हजारो वर्षं वाट इथूनच गेली. नकाशात रस्ता सलग दिसतो. तुम्हाला तो किती सलग मिळेल, हे गाडीच्या नंबरप्लेटवर आणि खिशातल्या कागदांवर ठरतं.

पिवळी प्लेट इस्रायली. पांढऱ्यावर हिरवी अक्षरं म्हणजे पॅलेस्टिनी, आणि ती गाडी जेरुसलेममध्ये शिरू शकत नाही. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा असल्यामुळे तुम्ही पिवळ्या प्लेटच्या गाडीत बसून जेरुसलेममधून थेट बेथलेहेमला जाल. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या पॅलेस्टिनी सहकाऱ्याला इस्रायलचा परवाना नसेल, तर तो वादी अल-नार या दरीतून, जेरुसलेमला वळसा घालून जाणार. तेव्हा ‘अरे, मी तर अर्ध्या तासात पोचले’ असं ऑफिसात बोलू नका. नव्याने आलेले सगळे बोलतात आणि समोरचा नुसता हसतो.

सीमेवर प्रवेश देताना हातात येणारी व्हिसाची चिठ्ठी नीट वाचा. प्रवास फक्त वेस्ट बँकपुरता, असं त्यावर लिहिलेलं असेल तर जेरुसलेम तुम्हालाही बंद. विमानतळावर उतरलात काय किंवा जॉर्डनकडून ॲलनबी पुलावरून आलात काय, ही चिठ्ठी पासपोर्टातच राहू द्या. नाक्यावर ती विचारतात.

वादी अल-नारमधून मात्र एकदा तरी जाच. रामल्लाहून बेथलेहेम सरळ गेलं तर विसेक किलोमीटर. पण मध्ये जेरुसलेम येतं, म्हणून जबा, मग मआले अदुमिम या इस्रायली वसाहतीच्या कडेने अल-एझारिया, अबू दिस असा पूर्वेकडून वळसा पडतो आणि अंतर जवळपास दुप्पट होतं. पुढे रस्ता एकदम दरीत उतरतो आणि तसाच वर चढतो. वळणं वरंधा घाटासारखी, फक्त हिरवं काही नाही. वर ‘कंटेनर’ नावाचा नाका. तो बंद झाला की दक्षिणेकडची शहरं उत्तरेपासून तुटतात. जुने लोक सांगतात की पूर्वी रामल्लाहून निघालेली गाडी जेरुसलेममधून सरळ हेब्रोनला जायची. 1990च्या दशकात परवाने आले, बैत जालाजवळून जेरुसलेमकडे जाणारा बोगद्यांचा रस्ता झाला, आणि आता तो हिरव्या प्लेटसाठी नाही.

प्रवासाला ‘सर्व्हिस’ घ्या, म्हणजे शेअर टॅक्सी. गाडी भरली की सुटते, वेळापत्रक नसतं. बसल्यावर लगेच पैसे काढू नका. गाव मागे पडलं की मागच्या सीटवरून नाणी हातोहात पुढे यायला लागतात. मधल्या माणसाने ती ड्रायव्हरला द्यायची आणि सुटे मागे पोचवायचे. मधल्या सीटवर बसलात तर त्या दिवशी कंडक्टर तुम्हीच. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्याने पैसे मोजत, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला नुसत्या पंजाच्या खुणेने विचारतो: पुढे काय आहे? उत्तरही खुणेनेच येतं आणि गाडी कधीकधी तिथल्या तिथे वळते. घाबरू नका, त्याला रस्ता तुमच्यापेक्षा जास्त कळतो. उतरताना ‘यातीक अल-आफ्ये’ म्हणा.

निघण्याआधी टेलिग्रामवरचे रस्त्यांच्या स्थितीचे ग्रुप बघायची सवय लावा. त्यात ‘सालेक’ म्हणजे मोकळा, ‘मुगलक’ म्हणजे बंद, ‘अझमे’ म्हणजे गर्दी. हे तीन शब्द अरबीत ओळखता आले तरी काम भागतं. गूगलचा वेळ मनावर घेऊ नका, त्याला नाक्यावरची तपासणी कळत नाही. ऑक्टोबर 2023 पासून कितीतरी गावांच्या तोंडाशी लोखंडी फाटकं बसली आहेत. सकाळी उघडं असलेलं फाटक संध्याकाळी उघडं असेलच असं नाही. म्हणून नाब्लुसची मीटिंग दुपारी चारला ठेवू नका. सकाळी जा, तिथली कुनाफा ही मिठाई खा, उजेडात परत या.

नाब्लुसला जाताना आधी झातराचा चौक लागतो. तिथे वसाहतींकडे जाणारे रस्ते मिळतात, सैनिक कायम असतात. फोटो काढू नका. पुढे हुवारा. मोठा रस्ता पूर्वी या गावाच्या बाजारपेठेतूनच जायचा. 26 फेब्रुवारी 2023 ला तिथे दोन इस्रायली भावांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याच रात्री वसाहतवाल्यांनी घरं आणि गाड्या जाळल्या. त्या वर्षाअखेरीस बाहेरून बायपास सुरू झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत या पट्ट्यात ताण वाढतो. शेतात मदतीला जायची हौस असेल तर ओळखीच्या कुटुंबाबरोबरच जा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर पूर्व जेरुसलेममधून घ्या आणि विमा ‘ए’ क्षेत्रात चालतो का ते करारात वाचून बघा. बऱ्याच इस्रायली कंपन्यांचा चालत नाही. ‘ए’ म्हणजे 1995 च्या करारानुसार पॅलेस्टिनी प्रशासनाकडे असलेली शहरं, ज्यांच्या वेशीवर मोठ्या लाल पाट्या दिसतात. मोठ्या रस्त्याचा बहुतेक भाग मात्र ‘सी’मध्ये, म्हणजे इस्रायली लष्कराकडे.

घड्याळाचंही सांगते. रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला की काही वर्षी पॅलेस्टिनी बाजू उन्हाळी वेळ उशिरा लावते. मग कलंदियाच्या अलीकडे एक वेळ, पलीकडे दुसरी. फोन ज्या टॉवरला चिकटेल ती वेळ दाखवतो, म्हणून त्या दिवसांत वेळ ठरवताना ‘रामल्लाची’ की ‘जेरुसलेमची’ ते विचारून घ्या. इफ्तारच्या आधीच्या तासात गाडी चालवू नका. सगळे उपाशी, सगळ्यांना घाई.

स्वेटर आणा. रामल्लापासून हेब्रोनपर्यंतचा माथा साधारण आठशे-हजार मीटरवर आहे, हेब्रोनजवळच्या हलहुलकडे तर जानेवारीत कधीकधी बर्फ पडतं.

आणि मराठी बोलायला माणूस हवं असेल तर रस्त्याच्या दक्षिण टोकाला, इस्रायलमध्ये जा. बीरशेबा आणि तिथून पुढे दिमोना इथे कोकणातून गेलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं आहेत. जुन्या पिढीतली माणसं अजून छान मराठी बोलतात आणि दिमोनात भारतीय सामानाची दुकानंही आहेत. व्हिसाच्या चिठ्ठीने अडवलं नाही तर तुम्ही जाऊ शकाल. माझी हेब्रोनची मैत्रीण तिथून कितीतरी जवळ राहते, तिला परवान्याशिवाय जाता येत नाही. तिच्यासाठी पापड मीच आणते. गोडा मसाला मात्र घरूनच घेऊन या.